फसवल्या गेलेल्या बाईचा विचार आणि आपली समीक्षा

मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला आता चाळीस वर्षे उलटून गेली. या काळात दलित आत्मकथनांवर आपल्याकडे उदंड लिहिले गेले. परिसंवाद झाले, प्रबंध झाले. पण हे एक पुस्तक कुठे बसवायचे, हे आपल्या समीक्षेला अजून नीट ठरवता आलेले नाही. लेखिका जन्माने दलित नाहीत. त्या शाहीर अमर शेख यांच्या कन्या. म्हणून दलित आत्मकथनांच्या मालिकेत त्यांचे नाव सहसा घेतले जात नाही. पण पुस्तकातले पती नामदेव ढसाळ आहेत, 'गोलपिठा'चे कवी आणि दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक. म्हणून पुस्तक टाळताही येत नाही. परिणाम असा की, मी बसले त्या बैठकांतून तरी या पुस्तकाचा विषय निघाला तो ढसाळांच्या अनुषंगाने, आणि तोही आवाज खाली आणून. जणू काही ते एका थोर कवीच्या चरित्राला जोडलेली तळटीपच आहे.

या लेखात मला त्या पुस्तकाकडे ढसाळांच्या बाजूने पाहायचे नाही. जोडीदाराकडून फसवली गेलेली बाई पुढे रात्रंदिवस जो विचार करीत राहते, त्या विचाराचे आपल्या साहित्याने काय केले, आणि आपल्या समीक्षेने त्याला काय किंमत दिली, हा माझा प्रश्न आहे. हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही, हेही सुरुवातीलाच सांगितले पाहिजे.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. माझी आई विड्या वळायची. चार वर्षांपूर्वी, लग्नाला दहा वर्षे झाल्यावर, माझ्या पतीचे दुसऱ्या एका बाईशी संबंध आहेत हे मला कळले. ते चळवळीतले. १९५४ मध्ये बाबासाहेबांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले, ही हकीगत ते भाषणात अशी सांगत की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. त्यांच्या त्या वाणीवर भाळूनच मी लग्न केले होते. त्यांचे नावगाव इथे सांगण्याची गरज नाही. हा लेख म्हणजे त्यांच्यावरची फिर्याद नाही.

कळल्यानंतरचे पहिले आठ दिवस मी रडले, भांडले. ते समजण्यासारखे होते. न समजण्यासारखे होते ते त्यानंतरचे. भिंतीवरची जुनी कॅलेंडरे काढून मी तारखा जुळवू लागले. अमुक दिवशी नागपूरला बैठक आहे म्हणून गेले, त्या दिवशी खरेच बैठक होती का? सदऱ्याच्या खिशातले एस.टी.चे तिकीट पवनीचे कसे? मुलीला ताप होता त्या रात्री ते कुठे होते? वर्गात शिकवताना वाक्य मध्येच तुटायचे आणि मुले माझ्याकडे पाहत राहायची. उत्तरपत्रिका तपासताना एकच उत्तर तीन तीन वेळा वाचायची आणि गुण द्यायचे विसरायची. पहाटे तीनला जाग यायची आणि मनात तोच संवाद सुरू व्हायचा: मी काय म्हणाले, ते काय म्हणाले, मी काय म्हणायला हवे होते. या साऱ्याच्या तळाशी एकच प्रश्न होता. तिच्यात असे काय आहे, जे माझ्यात नाही?

सगळे सांगत, जास्त विचार करू नकोस. सासूबाई म्हणाल्या, घरोघरी मातीच्या चुली. कॉलेजातल्या एक बाई म्हणाल्या, मन कशात तरी रमवा. फक्त माझी आई वेगळे बोलली. ती म्हणाली, "बाई, इचार करून भात सिजत नाई." त्या वेळी मला तिचा राग आला. हीही तेच सांगते आहे असे वाटले. पण आईने विचार करू नको असे म्हटलेच नव्हते. विचार चुलीचे काम करीत नाही, एवढेच ती म्हणाली होती. हा फरक कळायला मला वर्ष लागले, आणि तो कळण्यात या लेखात येणाऱ्या पुस्तकांचा वाटा आहे.

मराठीत प्रपंच म्हणजे संसार, घरदार, मुलेबाळे. पालीत 'पपञ्च' या शब्दाचा अर्थ निराळा आहे. एका विचाराला दुसरा विचार फुटणे, मनातल्या मनात गोष्टीचा पसारा होत जाणे, म्हणजे पपञ्च. मज्झिमनिकायातल्या मधुपिण्डिक सुत्तात त्याची पायरीपायरीने फोड केली आहे. आधी संपर्क, मग वेदना, मग संज्ञा, मग वितर्क, आणि मग वितर्काचा पसारा. शेवटी तो पसाराच माणसाला घेरतो. आपल्या बाईचे नेमके हेच होते. तिचा एक प्रपंच मोडतो आणि ती दुसऱ्या प्रपंचात सापडते. पहिल्यात निदान ती मालकीण तरी होती. दुसऱ्यात ती मोलकरीण होते.

त्याच निकायात चूळमालुङ्क्य सुत्तात बाणाचा दृष्टान्त आहे. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, बाण मारणारा कोणत्या वर्णाचा, त्याचे नाव काय, उंच की ठेंगणा, काळा की गोरा, कोणत्या गावचा, त्याचे धनुष्य कशाचे, दोरी कशाची, हे सारे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. उत्तरे मिळण्याआधी तो मरून जाईल. जग शाश्वत आहे की अशाश्वत, असले प्रश्न विचारणाऱ्या भिक्खूला बुद्धाने तो सांगितला. पण मी तो पहाटे तीनला वाचला तेव्हा मला हसूच आले. हे तर माझेच प्रश्न होते. ती कोण, कोणत्या गावची, काळी की गोरी, माझ्यापेक्षा उंच की ठेंगणी!

या दृष्टान्ताचा आपल्यातलेच काही लोक गैरवापर करतात, तेही नोंदवले पाहिजे. बाईने तोंड उघडले की तिला सांगितले जाते, बाई, धम्म समजून घे, मनाला आवर. पण दृष्टान्त नीट वाचावा. त्यात सोयरेधायरे वैद्याला बोलावून आणतात. बाण लागलाच नाही असे त्यात कोणी म्हणत नाही. पदराखाली झाकून घे असेही कोणी म्हणत नाही. बुद्ध प्रश्न विचारू नका असे सांगत नाही. ज्या प्रश्नांच्या उत्तराने बाण निघत नाही ते सोडा, असे सांगतो. म्हणजे फसवल्या गेलेल्या बाईचे प्रश्न दोन जातींचे असतात. तिच्यात काय आहे, तो माझ्यावर कधी खरे प्रेम करीत होता का, ही पहिली जात. या प्रश्नांना तळ नाही. माझ्या शरीराला काही अपाय झाला का, घर कोणाच्या नावावर आहे, मुलीला काय सांगायचे, माझा पगार कोणाच्या हातात जातो, याने काय मोडले आणि त्याचा जाब मी कुठे मागायचा, ही दुसरी जात. या प्रश्नांना उत्तर असते. ते कडू असेल, पण असते. मला असे म्हणायचे आहे की, विचार थांबवून कोणाचीही सुटका होत नाही. पहिल्या जातीच्या प्रश्नांवरून दुसऱ्या जातीच्या प्रश्नांवर विचाराला आणता आले, तर होते. आणि आपल्या स्त्रियांच्या ज्या लेखनाला आपण खासगी म्हणून बाजूला ठेवले, त्या लेखनाने हेच काम केले आहे.

आता मल्लिकाबाईंचे पुस्तक घेऊ. कोवळ्या वयात एका कवीशी लग्न, मग दारू, मारहाण, घरातली ओढाताण, नवऱ्याचे दिवसेंदिवस गायब असणे, इतर बायका, हे सारे त्यांनी लिहिले. आणि नवऱ्याकडून आपल्याला गुप्तरोग झाला हेही लिहिले. माझ्या दृष्टीने पुस्तकाचा मध्य तो आहे. कारण त्या जागी पहिल्या जातीचे प्रश्न गळून पडतात. 'तिच्यात काय होते' याला तिथे काही अर्थच उरत नाही. 'माझ्या शरीराचे काय केले गेले' हा प्रश्न उभा राहतो. त्याला डॉक्टर आहे, औषध आहे, आणि त्याला जबाबदार माणूसही आहे. मराठीतल्या एका विवाहित बाईने हे स्वतःच्या नावानिशी १९८४ मध्ये छापले, याचे मोल आपण अजून केलेले नाही.

नामदेव ढसाळांची कविता लहान करण्याचा माझा हेतू नाही, आणि माझ्यासारखीने तो धरला तरी ती लहान होणार नाही. १९७२ च्या 'गोलपिठा'ने कामाठीपुऱ्यातल्या बायकांना मराठी कवितेत माणूस म्हणून आणले. त्या बायका या गोष्टीत दोषी नाहीत, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. बाहेरच्या बाईला शिव्या देऊन घरची बाई मोकळी होत नाही. प्रश्न आपल्या समीक्षेचा आहे. रस्त्यावरच्या बाईविषयीची ती करुणा आणि घरातल्या बाईची ती साक्ष, ही दोन्ही एका वेळी हातात धरण्याची ताकद आपल्या समीक्षेत आहे का? एकाने दुसरे खोडून काढायचे, एवढेच आपल्याला येते. भक्त साक्ष खोडतात, निंदक कविता खोडतात.

साक्ष खोडण्यासाठी जो शब्द वापरला जातो तो 'खासगी'. मी स्वतः एका परिसंवादात तो ऐकला आहे: बाईंनी नवराबायकोची खासगी गोष्ट चव्हाट्यावर आणली. याच शब्दाशी आपण पूर्वी भांडलो आहोत. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले आणि पुढे एकामागून एक आत्मकथने येऊ लागली, तेव्हा आपल्यातल्याच काही शिकलेल्या माणसांना लाज वाटली होती. हे कशाला उकरता, लोक काय म्हणतील, असे ते विचारीत होते. त्यांना आपण काय उत्तर दिले? जगलेल्या अनुभवाची सच्चाई हीच आमची कसोटी. लाज ज्याने अन्याय केला त्याची, ज्याने सांगितला त्याची नाही. मग एका पत्नीने तीच कसोटी घराच्या उंबऱ्याच्या आत लावली, तेव्हा आपल्या तोंडी प्रस्थापितांचा शब्द कसा आला?

शिवाय बौद्धाला हा शब्द वापरण्याची सोयच नाही. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात पतीची पत्नीविषयी पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी व्यभिचाराने न वागणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे, तिला दागदागिने देणे. आपल्या विवाहविधीत वर याच धर्तीवर प्रतिज्ञा घेतो. माझ्या लग्नात मांडवात साऱ्या गावासमोर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर, माझ्या पतीनेही ती घेतली होती. चारचौघांत घेतलेली प्रतिज्ञा मोडली, तर ती मोडणे खासगी कसे? सुत्ताने निष्ठा हे पत्नीइतकेच पतीचेही कर्तव्य म्हणून मांडले आहे. ज्या व्यवस्थेने निष्ठा फक्त बाईच्या गळ्यात बांधली ती वेगळी, आणि ती आपण १९५६ मध्ये नागपुरात सोडून आलो, असे आपण म्हणतो.

ती व्यवस्था किती खोल होती हे कायद्यातही दिसते. १८६० च्या भारतीय दंडविधानाचे कलम ४९७ व्यभिचाराचे. त्यात गुन्हा होता तो दुसऱ्याच्या पत्नीशी, त्या नवऱ्याच्या संमतीवाचून, संबंध ठेवण्याचा. फिर्याद करू शकत होता तो नवरा. जिचा नवरा बाहेर गेला त्या बाईला त्यात जागाच नव्हती. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. व्यभिचार आता घटस्फोटाचे कारण आहे, गुन्हा नाही. पण दीडशेहून अधिक वर्षे कायद्याच्या लेखी फसवला जात होता तो फक्त पुरुष. बाई फसवली जाऊ शकते, असे त्या कलमाला ठाऊकच नव्हते. मग तिच्या विचाराला 'पिरपिर' हेच नाव मिळणार.

पुरुषाच्या विचाराला मात्र वेगळे नाव आहे. त्याला संशय म्हणतात, आणि संशयाला हात असतात. 'बलुतं'मध्ये दया पवारांनी पहिल्या पत्नीविषयीच्या आपल्या संशयाची आणि त्यापायी मोडलेल्या संसाराची हकीगत सांगितली आहे. त्यांचा मोठेपणा हा की, त्यांनी ती स्वतःला न वाचवता सांगितली. पण ती वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. पुरुषाला विचार पडला की त्याचा निकाल लागतो. बाई घराबाहेर होते. पुरावा असो वा नसो. बाईला पुरावा मिळाला तरी निकाल लागत नाही, म्हणून तिचा विचार चालूच राहतो. बाई जास्त विचार करते ती स्वभावाने नव्हे. तिच्या हाती निकाल नसतो म्हणून.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' नवऱ्यापासून लपवून लिहिले आणि कितीतरी वर्षे लपवून ठेवले. ते १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यात महारवाड्यातल्या बायकांची दुःखे आहेत. स्वतःच्या नवऱ्याविषयी मात्र फारसे काही नाही. पुढे माया पंडित यांनी इंग्रजी अनुवादासाठी घेतलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितले की, नवरा आपल्यावर संशय घ्यायचा आणि मारायचा. एवढी निर्भय बाई, आणि तिला हे सांगायला आयुष्याची अखेर उजाडावी लागली. या मौनाचा आपण समीक्षेत विचार केला का? आत्मकथनात काय आहे ते आपण मोजतो. काय येऊ शकले नाही तेही मोजले पाहिजे.

मौनाचे एक कारण आमच्या जिल्ह्याला चांगले ठाऊक आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या झाली. आणि त्यानंतर काय पसरवले गेले? सुरेखाबाईंच्या चारित्र्याविषयीची कुजबूज. जमिनीचा वाद, जात, मान वर करून जगणारे कुटुंब, हे सारे झाकायला तेवढे एक वाक्य पुरे होते. तेव्हा मी विद्यार्थिनी होते. दलित बाईचे चारित्र्य हे तिच्याविरुद्ध केव्हाही वापरायचे हत्यार आहे, हे त्या वर्षी आमच्या पिढीतल्या मुलींच्या मनात कोरले गेले. अशा ठिकाणी बाई आपल्या घरातली बेइमानी बोलायला धजत नाही. बोलली तर बाहेरचे म्हणणार, यांच्यात असेच चालते. आणि आतले म्हणणार, तू शत्रूच्या हातात कोलीत दिलेस. दोन्हीकडून दार बंद झाले की विचार डोक्यातच फिरत राहतो. तेव्हा या फिरण्याला मनाचा आजार म्हणून मोकळे होता येणार नाही. त्याला बाहेर जायला दार नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

आता एका जुन्या बाईकडे वळते. थेरीगाथेत इसिदासी आहे. ती फसवली गेली नव्हती, टाकली गेली होती. पण दोघींचा प्रश्न एकच. उज्जैनच्या श्रेष्ठीची मुलगी. सासरी दासीसारखी राबली, तरी नवऱ्याला नकोशी झाली. दुसऱ्यानेही सोडले, तिसऱ्यानेही. पुढे भिक्खुणी झाल्यावर पाटलिपुत्रात तिने आपली हकीगत सांगितली. माझा काय दोष, हा प्रश्न अडीच हजार वर्षांच्या परंपरेत इतक्या उघडपणे मांडणारी ती बाई मला माझी वाटते. पण तिला मिळालेले उत्तर मला मान्य करता येत नाही. मागच्या एका जन्मी ती सोनार होती, परस्त्रीच्या मागे लागली होती, त्याचे हे फळ, असे ते उत्तर. म्हणजे तिला टाकणारे तीन पुरुष मोकळे, आणि दोष फिरून तिच्याच पदरात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते ही कल्पना नाकारली. आपण तो नकार अस्पृश्यतेच्या संदर्भात वाचतो. तो फसवल्या गेलेल्या बाईच्या बाजूनेही वाचायला हवा. पहाटे तीनला 'माझेच काही चुकले असेल' असे जे मन म्हणते, ते पूर्वजन्माच्या कर्माचेच सुधारलेले रूप आहे. शिकलेली बाई पूर्वजन्म मानत नाही. पण कारण आपल्यातच शोधायची सवय तिची सुटत नाही.

मल्लिकाबाईंच्या पुस्तकातली मला जाणवणारी उणीव इथेच आहे. 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या नावातच उद्ध्वस्त होणारी 'मी' आहे. करणारा कोणी नाही. राग नवऱ्यावर असतो आणि उलटून स्वतःवर येतो. पुस्तकात कुठे कुठे तो गोल फिरतो, तेच ते पुन्हा येते. पण हा दोष दाखवताना मी घाईने निकाल देणार नाही. ज्या विचाराला दार नाही त्याचे लेखन गोल फिरणारच. ती त्या अनुभवाची खूण आहे. आणि पुस्तकाने केले ते नावाच्या उलट. उद्ध्वस्त होऊ म्हणणारी बाई हे सारे लिहून काढण्याइतकी शाबूत राहिली. पुढे २०१४ मध्ये ढसाळ गेले तोपर्यंत त्या त्यांच्या पत्नीच होत्या. यावर काही वाचक विचारतात, मग लिहिले कशाला? जणू पुस्तक म्हणजे घटस्फोटाचा अर्ज. लिहिणे वेगळे आणि सोडून जाणे वेगळे. राहणाऱ्या बाईलाही साक्ष देण्याचा हक्क आहे.

शांताबाई कांबळे यांचे 'माझ्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) याच्या शेजारी ठेवून वाचावे. नवऱ्याने दुसरे लग्न केले तेव्हा शांताबाईंनी ते घर सोडले. पुढे त्या शाळेत शिक्षिका झाल्या, आणि नंतर नवऱ्याबरोबर पुन्हा संसारही केला. मल्लिकाबाईंचा आवेश इथे नाही. विलाप जवळजवळ नाहीच. आपली समीक्षा अशा लेखनाला साधे, सरळ म्हणून पुढे जाते. मला मात्र त्या साधेपणात माझ्या आईचे वाक्य ऐकू येते. शांताबाईंना विचार पडला नसेल असे मी मानत नाही. पण त्यांच्या हाती खडू आला. दर महिन्याला स्वतःच्या सहीने पगार घेणारी बाई परत गेली, तरी ती पूर्वीसारखी परत जात नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींना सांगितले होते की, लग्न झाल्यावर नवऱ्याच्या बरोबरीने मैत्रीण म्हणून उभ्या राहा, दासी होऊ नका. मैत्रीत फसवले गेलेल्या माणसाला जाब विचारता येतो. दासीला येत नाही; तिला फक्त विचार करीत बसता येते.

माझ्यापुरते सांगायचे तर मी एक वही केली. पान मधोमध दुमडून एका बाजूला ज्यांना उत्तर नाही ते प्रश्न, दुसऱ्या बाजूला ज्यांना आहे ते. पहिले काही महिने डावी बाजूच भरत राहिली. उजव्या बाजूला पहिला प्रश्न आला तो रक्ततपासणीचा. मल्लिकाबाईंचे पुस्तक वाचले नसते तर तो मला सुचलाही नसता, आणि सुचता तरी मी लाजेने गेले नसते. तपासणी झाली, काही निघाले नाही. मग पगाराचे खाते वेगळे केले. मग मुलीला, तिच्या वयाला झेपेल तेवढे, खरे सांगितले. मग पतीला एक दिवस त्यांच्या प्रतिज्ञेविषयी विचारले. "ती" कोण, हे विचारले नाही. ते बराच वेळ गप्प बसले. मी त्यांना तसे गप्प प्रथमच पाहिले. आज आम्ही एका घरात राहत नाही. पुढे काय होईल ते ठरलेले नाही. पहाटेची जाग अजून येते, पण रोज येत नाही. आणि आली की मी दिवा लावून उजवी बाजू वाचते.

गेल्या वर्षी बी.ए.च्या वर्गात स्त्रियांची आत्मकथने शिकवताना एका मुलीने विचारले, "मॅडम, नवऱ्याचं नाव घेऊन असं लिहिणं बरोबर आहे का?" वर्गातली मुले हसली. मुली हसल्या नाहीत. मी तिला म्हटले, तू आधी वाच, मग आपण बोलू. दोन दिवसांनी तिने पुस्तक परत आणून दिले आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या आईनं हे लिहायला पाहिजे होतं." यापलीकडे ती काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही.

त्या मुलीची आई लिहिणार नाही. तिला अक्षरओळख आहे की नाही तेही मला ठाऊक नाही. पण ती मुलगी उद्या लिहील. ती लिहील तेव्हा तिच्या हस्तलिखितावर खासगी, चळवळीला घातक, गोल गोल फिरणारे, असे शेरे मारायला आपण बसलेले असू, की ज्या कसोटीने दया पवारांना वाचले त्याच कसोटीने तिलाही वाचू, याचा निर्णय आपल्या समीक्षेने आताच केला पाहिजे. 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' दलित आत्मकथनांच्या मालिकेत घ्यायचे की नाही हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. आपल्या घरांविषयीची साक्ष म्हणून ते आपण समोर ठेवून, मोठ्या आवाजात वाचले पाहिजे.